शेजारी कोण बसले आहे?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना आटोपल्यावर मंडळीतील एक वृद्ध भगिनी मागे थांबल्या. आयुष्यभर शिक्षिकेचे काम केलेल्या या बाई एरवी फार बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांची कन्या विवाहानंतर ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरी स्थायिक झाली आहे आणि कित्येक वर्षांपासून तीव्र नैराश्याने आजारी आहे. औषधे बदलून झाली, समुपदेशन झाले, उपासप्रार्थना झाल्या. आता तिच्या डॉक्टरांनी सायलोसायबिन नावाच्या द्रव्याच्या साहाय्याने उपचार करण्याचे सुचविले होते. हातातील रुमालाची घडी घालीत बाईंनी मला तीन प्रश्न विचारले. "पाळकसाहेब, हे औषध आहे की नशा? त्याने माझी मुलगी बरी होईल काय? आणि त्या गुंगीत मला प्रभूचे दर्शन झाले, असे ती म्हणाली, तर मी ते खरे मानावे काय?"

अशा वेळी धर्मसेवकाच्या जिभेवर दोन सोपी उत्तरे तयार असतात. अमली पदार्थ तो अमली पदार्थ, ख्रिस्ती माणसाने त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये, हे एक. डॉक्टर सांगतील तसे करावे, विज्ञानात आपण पडू नये, हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी उत्तर देणाऱ्याची सुटका होते. विचारणाऱ्याचे दुःख मात्र जागच्या जागी राहते. म्हणून मी बाईंकडे काही दिवसांची मुदत मागितली. त्या दिवसांत जे वाचले आणि जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे. बाईंचा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकेल.

प्रथम हे द्रव्य काय आहे, ते पाहू. मेक्सिकोतील काही अळंब्यांमध्ये ते निसर्गतः असते. अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली ते वेगळे काढले. याच हॉफमनने १९३८ साली एल.एस.डी. तयार केले होते आणि १९४३ साली त्याचा मनावरील विलक्षण परिणाम स्वतः अनुभवला होता. अशा द्रव्यांना 'सायकेडेलिक', म्हणजे मन प्रकट करणारी, हे नाव कॅनडात काम करणाऱ्या हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने दिले. तो मद्यासक्तांवर एल.एस.डी.चे उपचार करीत होता. ज्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' संघाच्या सभा आज आपल्याही कित्येक चर्चच्या सभागृहांत भरतात, त्याच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन याने १९५६ साली डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्रव्य घेऊन पाहिले होते. पुढे ही द्रव्ये रस्त्यावर आली, त्यांचा बेबंद वापर सुरू झाला आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांवर कडक निर्बंध आले. भारतातही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ती येतात. ती जवळ बाळगणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. संशोधनाचे दार काही दशके जवळजवळ बंद राहिले, ते या शतकाच्या आरंभी पुन्हा किलकिले झाले.

या सर्व इतिहासात एक प्रसंग असा आहे की, तो ख्रिस्ती वाचकाने अवश्य जाणून घ्यावा. २० एप्रिल १९६२, उत्तम शुक्रवार. स्थळ, अमेरिकेतील बॉस्टन विद्यापीठाचे मार्श चॅपेल. वरच्या मुख्य उपासनागृहात डॉ. हॉवर्ड थर्मन वधस्तंभाच्या दुःखसहनावर उपदेश करीत होते. थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मपंडित. १९३५–३६ साली ते भारतात आले होते आणि बार्डोली येथे त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली होती. त्यांचा उपदेश ध्वनिक्षेपकावरून तळघरातील लहान चॅपेलात ऐकू येत होता आणि तेथे वीस धर्मशास्त्राचे विद्यार्थी बसले होते. त्यांपैकी दहांना सायलोसायबिन दिले होते. उरलेल्या दहांना निकोटिनिक आम्ल नावाचे जीवनसत्त्व. कोणाला काय दिले, हे कोणालाच कळू नये, अशी योजना होती. वॉल्टर पान्के हा वैद्यकाची पदवी घेतलेला, धर्मसेवक असलेला तरुण संशोधक पाहू इच्छीत होता की, संतांनी वर्णिलेला गूढ अनुभव अशा रीतीने येऊ शकतो काय.

ती योजना तासाभरातच कोलमडली. जीवनसत्त्व घेतलेल्यांचे चेहरे थोडा वेळ लाल झाले, त्यांना वाटले आपल्यालाच ते द्रव्य मिळाले. परंतु पुढे काही जण अश्रू ढाळू लागले, काही वेदीपुढे स्तब्ध बसले, काही असंबद्ध बोलू लागले, तेव्हा कोणाला काय मिळाले ते सर्वांनाच उघड झाले. द्रव्य घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी आपल्याला पवित्रतेचा सखोल अनुभव आला, असे लिहून दिले. हा प्रयोग 'गुड फ्रायडे प्रयोग' म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याचा हवाला आजतागायत दिला जातो.

परंतु या कथेचा दुसरा भागही आहे. सुमारे पाव शतकानंतर रिक डॉब्लिन या अभ्यासकाने त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा शोध घेऊन त्यांना बोलते केले आणि १९९१ साली आपला वृत्तान्त छापला. द्रव्य घेतलेले त्याला भेटले, ते सर्व आता मध्यमवयीन झाले होते. तरी त्या दुपारचा अनुभव खरा होता आणि त्याने आपले भलेच केले, असे त्यांनी सांगितले. मात्र त्यांतील अनेकांनी त्या दुपारी भयाच्या घटकाही सोसल्या होत्या. एक विद्यार्थी तर चॅपेलातून निसटून रस्त्यावर धावत सुटला होता. त्याला धरून आणून शांत करणारे इंजेक्शन टोचावे लागले होते. त्या इंजेक्शनाचा उल्लेख पान्केच्या प्रबंधात नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विद्यार्थ्यांच्या सोबतीला जे मार्गदर्शक बसविले होते, त्यांपैकी निम्म्यांनी स्वतःच ते द्रव्य थोड्या प्रमाणात घेतले होते. म्हणजे ज्याने सांभाळावयाचे तोही शुद्धीवर पुरता नव्हता.

मला वाटते, या एका दुपारच्या वृत्तान्तात आजच्या सर्व अडचणी बीजरूपाने आहेत, आणि आजची आशाही आहे. आधी आशेचे पाहू.

२०१६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क या दोन विद्यापीठांनी कर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध केले. पहिल्यात ५१ रुग्ण होते, दुसऱ्यात २९. मृत्यूच्या भयाने आणि खिन्नतेने ज्यांचे उरलेले दिवसही काळवंडले होते, अशी ही माणसे. सायलोसायबिनच्या एका मोठ्या मात्रेनंतर, आणि तिच्या आधी व नंतर केलेल्या समुपदेशनाने, त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांची चिंता आणि खिन्नता लक्षणीय प्रमाणात उतरली. हॉपकिन्सच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांत हा लाभ टिकून होता. ज्यांनी मरणाऱ्या माणसाच्या उशाशी रात्र काढली आहे, त्यांना या आकड्याचे मोल निराळे सांगावयास नको.

येथे एक आक्षेप येतो. वधस्तंभावर चढविण्यापूर्वी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला असता त्याने तो नाकारला. मग त्याच्या अनुयायाने दुःख असे औषधाने बोथट करावे काय? या आक्षेपातील श्रद्धेचा मला आदर आहे, परंतु त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. प्रभूने स्वतःसाठी जे नाकारले, ते दुसऱ्याला नाकारण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. शोमरोनी मनुष्याने वाटेवरील जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आणि त्याचेच अनुकरण करावे अशी आज्ञा झाली. १८४७ साली एडिंबर्गच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणीच्या वेदना क्लोरोफॉर्मने शमविल्या, तेव्हाही धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्यांना लिहावी लागली होती. आज कोणताही ख्रिस्ती दवाखाना भूल देण्यास पाप समजत नाही. एखादे द्रव्य रस्त्यावर विष असेल आणि वैद्याच्या हाती औषधही असेल. अफूपासून मिळणारे मॉर्फिन याची साक्ष आहे.

तेव्हा 'औषध की नशा' या प्रश्नाचे उत्तर द्रव्याच्या नावात मिळत नाही. ते कोणाला, कोणाच्या हातून, कशासाठी दिले जाते, यात मिळते. मात्र येथेच खरी अडचण सुरू होते.

नव्या औषधाची पारख करताना रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही, खरे औषध कोणते आणि निष्प्रभ गोळी कोणती हे कळू दिले जात नाही. कारण आशेनेही माणसाला बरे वाटते. त्या आशेचा वाटा वजा केल्याखेरीज औषधाचा वाटा कळत नाही. परंतु ज्याच्या डोळ्यांपुढे सहा तास रंगांचा आणि स्मृतींचा पूर लोटला आहे, त्याला आपण काय घेतले हे कसे कळणार नाही? १९६२ साली जे तळघरात घडले तेच आजच्याही चाचण्यांत घडते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांना सायलोसायबिनच्या निरनिराळ्या मात्रा दिल्या होत्या. २५ मिलिग्रॅमच्या मात्रेने तीन आठवड्यांनंतर स्पष्ट लाभ दिसला. परंतु बाराव्या आठवड्यापर्यंत तो बराच ओसरला होता. काही रुग्णांत आत्मघाताचे विचार बळावल्याच्या नोंदीही होत्या. म्हणजे आशेला जागा आहे, परंतु ढोल बडविण्याइतकी नाही.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. या द्रव्यांनी माणसाचे मन उघडे पडते. एरवी आपण ज्या कवाडांआड आपली भीती, लाज आणि जुन्या जखमा बंद ठेवतो, ती कवाडे काही तास निखळतात. अशा वेळी शेजारचा माणूस जे सुचवील ते एरवीपेक्षा खोल रुजते. उपचाराचे बळ यातच आहे. जे मन वर्षानुवर्षे एकाच काळ्या विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत होते, त्याला दुसरी वाट दिसू शकते. आणि उपचाराचा धोकाही यातच आहे, कारण ती वाट दाखविणारा कोण, यावर सारे अवलंबून राहते.

हा धोका काल्पनिक नाही. युद्ध, बलात्कार अथवा बालपणीचे अत्याचार यांच्या आघाताने जे खचले आहेत, त्यांच्यासाठी एम.डी.एम.ए. या दुसऱ्या एका द्रव्याच्या साहाय्याने उपचार करण्याच्या चाचण्या अमेरिकेत आणि इतरत्र झाल्या. त्यांचे निष्कर्ष आशादायक होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या चाचणीत, द्रव्य मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्या विकाराच्या व्याख्येबाहेर आले. केवळ समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. तरीही जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने लाभाच्या पुराव्यास ९ विरुद्ध २ मतांनी नकार दिला आणि ऑगस्टमध्ये प्रशासनाने मान्यता नाकारून आणखी एक चाचणी करण्यास सांगितले. कारणे अनेक होती. कोणाला काय दिले हे बहुतेकांना कळले होते. द्रव्यामुळे आलेल्या सुखद धुंदीच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे व्यसनाची भीती किती हे जोखता येत नव्हते. आणि कॅनडातील आधीच्या एका चाचणीत उपचार करणाऱ्या जोडप्याने द्रव्याच्या अमलाखाली असलेल्या रुग्ण स्त्रीशी मर्यादा ओलांडून वर्तन केल्याचे चित्रफितीतच दिसले होते. त्याच ऑगस्टमध्ये एका शास्त्रीय नियतकालिकाने या उपचारांवरील तीन लेख मागे घेतले.

या चाचण्यांमागील संस्था १९८६ साली ज्याने स्थापन केली, तो रिक डॉब्लिनच होता. पान्केच्या प्रबंधातून गळलेले इंजेक्शन ज्याने उजेडात आणले, त्याच्याच संस्थेच्या कामात पुढे नोंदींची उणीव निघावी, ही गोष्ट मनाला चटका लावते. यात मी कोणा एकाचा दोष काढू इच्छीत नाही. चांगल्या कार्यावर ज्याचे मन जडते, त्याच्या हातून त्या कार्याला अडचणीची ठरणारी गोष्ट टिपायची राहून जाते. हा मोह संशोधकांपुरता आहे, असे आपण समजू नये. आपल्या संस्थांची नाचक्की होऊ नये म्हणून दुर्बलांवर झालेले अन्याय झाकण्याचे पाप जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांनीही केले आहे. ज्याच्यापुढे माणूस मनाने उघडा होतो, त्याच्यावर सर्वांत अधिक देखरेख हवी. मग तो डॉक्टर असो, समुपदेशक असो, वा पाळक असो.

आता बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. गोळी घेऊन झालेले दर्शन खरे मानावे काय?

आल्डस हक्सलीने १९५४ साली मेस्कलिन या द्रव्याच्या अनुभवावर पुस्तक लिहून सुचविले की, संतांच्या अनुभवाचे दार या वाटेनेही उघडते. त्यावर ऑक्सफर्ड येथील पौर्वात्य धर्मांचे प्राध्यापक आर. सी. झेनर यांनी, जे श्रद्धावान कॅथॉलिक होते, स्वतः ते द्रव्य घेऊन पाहिले. त्यांना सारे हास्यास्पद वाटले. पावित्र्याचा मागमूसही लागला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले की, विश्वाशी एकरूप झाल्याची भावना आणि देवाशी प्रेमाने जडलेले नाते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद मला मोलाचा वाटतो. तथापि, त्यावरून कोणत्याही भौतिक पदार्थातून कृपा येऊच शकत नाही, असे म्हणावयास मी धजत नाही. पाणी, भाकर, द्राक्षारस आणि तेल यांना पवित्र मानणाऱ्या मंडळीने तसे म्हणणे शोभणार नाही. उपवासाने आणि जागरणानेही शरीरात फरक पडतो, आणि त्या अवस्थेत भक्तांना देवाची भेट घडल्याचे आपण मानतो. मात्र उपवास करणारा वाट पाहतो. देवाने आलेच पाहिजे असा त्याचा हक्क नसतो. कृपा हे दान आहे. इतक्या मिलिग्रॅमला इतका साक्षात्कार, असा हिशेब ज्या क्षणी मांडला जातो, त्या क्षणी आपण दानाची गोष्ट सोडून व्यापाराची गोष्ट बोलू लागतो.

हॉफमनने ज्या अळंब्यांतून हे द्रव्य काढले, त्या मेक्सिकोतील माझातेक लोकांच्या डोंगराळ मुलखातील. तेथे हुआउत्ला गावी मारिया साबिना नावाची एक उपचार करणारी स्त्री राहत असे. ती कॅथॉलिक होती. रात्री आजाऱ्याजवळ बसून ती अळंबी घेई आणि आपल्या पारंपरिक मंत्रगीतांत ख्रिस्ताचे, मरियेचे आणि संतांचे नाव घेई. १९५५ साली न्यूयॉर्कचा गॉर्डन वॉसन तिच्या विधीस बसला आणि १९५७ साली त्याने 'लाइफ' साप्ताहिकात लेख लिहिला. त्यानंतर परदेशी तरुणांचे तांडे त्या गावात लोटले, पोलीस आले, गावकरी तिच्यावर रुष्ट झाले, तिचे घर जाळले गेले. १९८५ साली ती दारिद्र्यातच वारली. उतारवयात तिने खंत बोलून दाखविली होती की, पूर्वी आम्ही हे आजाऱ्याला बरे करण्यासाठी घेत होतो. देव शोधण्यासाठी म्हणून घेणारे बाहेरून आले. या अशिक्षित स्त्रीच्या बोलण्यात मला पुष्कळ धर्मज्ञान दिसते. तिच्या लेखी ही अळंबी शेजाऱ्याच्या सेवेचे साधन होती. आपल्यासाठी अनुभव मिळविणे हा जेव्हा हेतू झाला, तेव्हा सेवा गेली आणि बाजार उरला.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही उत्कट अनुभवांची पारख करण्याचा प्रसंग येऊन गेला आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या मुलींमध्ये जागृती झाली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करीत, तासन् तास प्रार्थना करीत. तेथे द्रव्याचा लवलेशही नव्हता. तरी ही केवळ भावनेची लाट आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. रमाबाईंनी त्या अश्रूंचे प्रदर्शन मांडले नाही, आणि ते दडपलेही नाहीत. दुष्काळातून आणलेल्या अनाथ मुली, विधवा, आंधळ्या स्त्रिया यांची सेवा जशी चालली होती तशीच चालू राहिली. झाडाची पारख फळावरून करावी हा प्रभूने घालून दिलेला दंडक आहे, आणि फळाला वेळ लागतो. अश्रू एका रात्रीत येतात; धीर, क्षमा आणि दुसऱ्याचे ओझे उचलण्याची तयारी यांना ऋतू जावे लागतात.

म्हणून बाईंच्या कन्येला काही दिसले, तर ते खोटे ठरविण्याची घाई आईने करू नये, आणि त्याचे निशाण करून मिरवूही नये. त्या घटकेला दुसऱ्या कोणीही त्या दर्शनाला आपले नाव देऊ नये, हे त्याहून महत्त्वाचे. काही उपचारकक्षांत बुद्धमूर्ती ठेवण्याची प्रथा पडली होती. तेव्हा जॉन्स हॉपकिन्समधील मॅथ्यू जॉन्सन या संशोधकानेच लेख लिहून बजावले की, उपचारकाने रुग्णाच्या मनात आपला धर्म पेरू नये. हे वाचून आपल्याला समाधान वाटेल. परंतु तोच न्याय आपल्यालाही लागू आहे. ज्या मनाला त्या वेळी 'नाही' म्हणण्याचे बळ नाही, त्याच्यापुढे वधस्तंभही ठेवू नये. ज्या प्रभूने दारावर उभे राहून ठोठावणे पसंत केले, त्याचे नाव निखळलेल्या कवाडातून आत ढकलणे हा त्याचा सन्मान नव्हे.

शेवटी हे उपचार पोहोचविण्याचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांना काही ठरावीक रुग्णांसाठी ही द्रव्ये देण्याची मुभा दिली. परंतु खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो. तो का जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. एम.डी.एम.ए.च्या चाचण्यांत प्रत्येक रुग्णासाठी आठ-आठ तासांच्या तीन बैठका आणि दीड-दीड तासाची बारा समुपदेशने होती. असे एकूण ४२ तास, आणि त्यांत दोन उपचारक. या उपचारात महाग आहे ती गोळी नव्हे, महाग आहे तो माणसाचा वेळ. आता आपल्या देशाकडे पाहा. येथे दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसून आले की, बहुतेक मानसिक विकारांत दहांपैकी सात अथवा त्याहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. भूल देण्याच्या केटामाइन या औषधाचा तीव्र नैराश्यात उपयोग करणारे काही डॉक्टर आपल्याकडे आहेत, आणि त्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु तेथेही उपचारानंतर रुग्णाजवळ कोण बसणार, हा प्रश्न सुटलेला नाही. वेळ कापून केवळ द्रव्य विकण्याचा मोह बाजाराला होणार, हे निश्चित. तसे झाले, तर उघडे पडलेले मन एकटेच घरी पाठविले जाईल.

आणि तरीही मला यात एक संधी दिसते. वैद्यकशास्त्र कित्येक वर्षांनी पुन्हा म्हणू लागले आहे की, दुखणाईताच्या शेजारी कोणीतरी शांतपणे तासन् तास बसणे हा उपचाराचा भाग आहे. हे सत्य आपल्या घरचे आहे. १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झालेले शांती अवेदना सदन हे मरणोन्मुख कर्करुग्णांसाठी भारतातील पहिले आश्रयस्थान. १९९३ पासून केरळात कोळीकोड येथे उभी राहिलेली चळवळ तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच शिकवून रुग्णांच्या उशाशी पाठवू लागली. तेथे साक्षात्कार घडविणारे द्रव्य नाही. जागणारी माणसे आहेत. गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या शिष्यांकडे चमत्कार मागितला नव्हता. माझ्याबरोबर घटकाभर जागे राहा, एवढेच मागितले होते, आणि तेवढेच त्यांच्याने झाले नाही.

ठरल्याप्रमाणे मी बाईंच्या घरी गेलो. चहा झाल्यावर त्यांना म्हणालो, "बाई, योग्य हातांत हे औषध आहे, म्हणून मुलीने पाप केले असे मनात आणू नका. ती बरी होईलच, असे वचन मात्र मी देऊ शकत नाही, आणि कोणी दिले तर त्याच्यापासून सावध राहा. घराण्यात कोणाला वेड लागले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. अशांना हे द्रव्य बाधते. शेजारी कोण बसणार, त्यांचे शिक्षण काय, त्यांच्यावर देखरेख कोणाची, हे मुलीला विचारायला सांगा. शेवटच्या क्षणी नको वाटले तर नाही म्हणता येईल काय, हेही विचारायला सांगा. तिला काही दिसले तर ऐकून घ्या आणि वर्षभर वाट पाहा." बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "आणि ते सहा तास संपल्यावर? दुसऱ्या दिवशी? पुढच्या महिन्यात? तेव्हा तिच्याजवळ कोण बसणार?"

माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. बाईंनीच कपबशा गोळा करता करता ते दिले. "माझ्या पासपोर्टाची मुदत संपली आहे," त्या म्हणाल्या. "उद्या त्याचा अर्ज भरून द्याल काय, पाळकसाहेब?"